रापणीवरचा दादाचा वाटा

आमच्या घरात एक गोष्ट गेली कित्येक वर्षं चुकीची सांगितली जाते, आणि ती चुकीची आहे हे माहीत असलेला मी एकटाच आता उरलो आहे. माझ्या थोरल्या भावाला शाळेने ठेवून घेतलं नाही, तेव्हा मी त्याला समुद्रावर नेलं, रापणीच्या दोराला हात लावायला शिकवलं आणि म्हणून तो घरी राहिला, अशी ती गोष्ट. भाचे सांगतात, नातवंडं सांगतात, घरात नवी सून आली की तिलाही पहिल्या आठवड्यात ऐकवतात. माझ्या देखत सांगतात. मी मान खाली घालतो. त्यांना वाटतं, म्हातारा संकोची आहे.

तसं नाही. दादाला मी कुठे नेलं नाही आणि काही शिकवलंही नाही. उलट एका संध्याकाळी त्याचं कायमचं घराबाहेर जाणं ठरलं, ते माझ्या तोंडच्या चार शब्दांमुळे. तो गेला नाही, याचा आनंद मला आजही रोज होतो. पण श्रेय ज्याचं त्याला मिळावं, म्हणून हे लिहितो आहे.

आमचं गाव मालवणच्या उत्तरेला, अगदी किनाऱ्यावर. बाबा गावच्या शाळेचे मुख्य मास्तर. मी सांगतो आहे ते एकोणीसशे पन्नास ते साठमधल्या वर्षांतलं. दादा माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा. दिसायला उंच, गोरा, हाताला बळकट. तो लहानपणापासून वेगळा होता. आपण बोललो की आपलेच शेवटचे शब्द परत म्हणायचा. उभ्या उभ्या पुढे-मागे झुलायचा. कोणी पाठीवर हात ठेवला तर चटका बसल्यासारखा बाजूला व्हायचा. आज माझी नात त्याला एक शब्द सांगते, स्वमग्नता. तेव्हा आमच्याकडे एकच शब्द होता, खुळो, आणि तो लोक तोंडावर म्हणत.

शाळेत रुळाचा तुकडा टांगून त्यावर लोखंडी दांडा मारत, तीच घंटा. ती झाली की दादा कान दाबून बाहेर पळायचा, तो थेट विहिरीपाशी. मग त्याला शोधायला पोरं सुटायची आणि वर्गाचा बाजार व्हायचा. शेवटी एक दिवस बाबांनीच त्याचा हात धरून त्याला घरी आणलं आणि आईला म्हणाले, "उद्यापासून याला पाठवू नकोस." बाबा रागावले किंवा दुखावले की शाळेतली मराठी बोलत. एरवी घरात आम्ही सगळे मालवणीच बोलायचो. त्यानंतर बाबांनी दादाच्या शिक्षणाचा विषय काढला नाही. मुख्य मास्तरांच्या पोरालाच शाळेत जागा नाही, ही गोष्ट त्यांना किती लागली असेल, हे मी स्वतः मास्तर झाल्यावर मला कळलं.

दादाला सांभाळायचं काम शाळा सुटल्यापासून दिवेलागणीपर्यंत माझ्याकडे आलं. मला ते नको होतं. बरोबरची पोरं आट्यापाट्या खेळायची आणि मी एका दाढी फुटू लागलेल्या मुलाच्या मागे फिरायचो. तो जायचा तिथे जायचं, एवढाच माझा सांभाळ. आणि तो रोज एकाच ठिकाणी जायचा, रापणीवर.

रापण आता कमी झाली आहे, म्हणून सांगतो. होडी मोठं जाळं घेऊन समुद्रात जाते, अर्धगोल मारून परत येते. जाळ्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावर, एकमेकांपासून बरेच लांब. प्रत्येक दोराला पंधरा-वीस माणसं लागतात, बायासुद्धा. सगळी एका तालात मागे रेलतात, पुढे येतात, परत मागे रेलतात, आणि पावलापावलाने सुक्या वाळूकडे सरकतात. शेपटीचा माणूस वर पोचला की दोर सोडून चालत खाली पाण्याशी जातो आणि तिथे पहिला होतो. असं चक्र चालू राहतं, जाळं काठाला लागेपर्यंत.

दादा बाजूला उभा राहून हे बघायचा. कितीतरी दिवस नुसता बघायचा. आणि बघता बघता त्याचं ते पुढे-मागे झुलणं सुरू व्हायचं, ज्यासाठी त्याने घरी बोलणी खाल्ली होती. ती माणसं झुलत होती, तोही झुलत होता. फरक एवढाच, की त्यांच्या हातात दोर होता.

एका दुपारी शेपटीचा माणूस दोर सोडून खाली निघाला आणि दुसरा यायच्या आत दादा त्या जागी जाऊन उभा राहिला. त्याने दोर धरला.

तांडेल, म्हणजे रापणीचा मुख्य, लांबून ओरडला, "अरे, ह्यो मास्तराचो थोरलो! सोड रे झिला दोर, हात सोलवटतले! उद्या तुझो बापूस माका शाळेत बाकार उभो करतलो!"

माणसं हसली. दादाने दोर सोडला नाही. दोरावर तांडेलाची बायको होती, जाडजूड, तोंडाने फटकळ. ती म्हणाली, "ओढूंदे त्येका. तुमच्या भावापेक्षा बरो ओढता. तुमचो भाव नुसतो दोराक टेकून उभो रवता."

"माझ्या भावाचा नाव काढू नको," तांडेल म्हणाला. "त्येका सर्दी झालीहा."

"तीन वर्षां सर्दीच आसा मगे!"

पुन्हा हशा. त्या हशात दादाचं प्रकरण मिटलं. तो ओढत राहिला. आपली पाळी आली की दोर सोडायचा, खाली जायचा, पुढे उभा राहायचा. पाळी चुकवायची नाही, मध्ये घुसायचं नाही. घरात ज्याला दोन माणसांच्या पंगतीत बसवता येत नव्हतं, तो वीस माणसांच्या रांगेत आपली जागा धरून होता. जाळं काठाला लागलं आणि आरडाओरड सुरू झाली तसा तो कान झाकून तिथून निघाला, आणि लांब पडलेल्या दोराची वेटोळी घालायला लागला. एकावर एक, सारखी. त्याला कोणी परत हाक मारली नाही. कोणीतरी वेटोळी घालायला लागतंच.

मी हे सगळं सुरूच्या झाडाखाली बसून बघत होतो. दोराला हात लावायला मला लाज वाटत होती. वर्गातली पोरं बघतील, म्हणतील, मास्तराचे दोन्ही झील रापणकार झाले.

रापणीचा एक नियम आहे. दोराला हात लागला की वाटा लागला. म्हातारा असो, पोर असो, वाटेने जाणारा असो. मासळीचे वाळूत ढीग घालतात, त्याला वाटे म्हणतात, आणि ज्याने ओढलं त्याच्या पुढे एक ढीग पडतो. त्या दिवशी एक ढीग दादाच्या पुढे पडला. बांगडे होते. दादा ढिगाकडे बघत उभा राहिला. मग मी उठलो, इकडेतिकडे बघितलं, माडाच्या पातीत बांगडे कल्ल्यांतून ओवले आणि घराकडे निघालो. मासे माझ्या हातात होते. दादा मागून येत होता.

मागच्या दारी आईने मासे कुठून आणले ते विचारलं, "खंयसून हाडलंस रे?"

आणि मी म्हणालो, "तांडेलाची मुंबैची पत्रां वाचून दाखवलंय. त्येणा दिल्यान."

का म्हणालो? मास्तरांच्या मुलाने रापणीचा दोर ओढला हे बाबांना रुचणार नाही असं वाटलं, हे एक कारण. बाबा कोणाचं फुकट घेत नसत, हे दुसरं. पण खरं कारण असं, की उत्तर तोंडात आपोआप आलं आणि आल्यावर गोड लागलं. बाबा संध्याकाळी आईला म्हणाले, "बघ, अक्षरओळखीचो उपयोग." त्या रात्री माझ्या ताटात एक बांगडा जास्त पडला. दादाला शेपटीकडचा तुकडा. तो त्याने काटे बाजूला ओळीत लावून खाल्ला.

पुढे हे रोजचंच झालं. दादा ओढायचा, मी मासे घरी न्यायचो आणि जास्तीचा मासा खायचो. हे वाक्य लिहायला मला बरीच वर्षं लागली.

आणि दादा बदलत होता. रापणीवर पुकारा घालतात, एक म्हणतो आणि बाकीचे झेलतात. दादा झेलायला लागला. तिथे दुसऱ्याचे शेवटचे शब्द परत म्हणणं हेच तर करायचं असतं. दोरावर पुढच्याचा खांदा लागला तरी तो दचकत नसे. पुढे तर वाटे घालायचं कामही त्याच्याकडे आलं. प्रत्येक ढिगावर एक मासा, मग परत पहिल्यापासून एक. त्याचा हात संथ आणि ठाम चालायचा. तांडेलाचा भाऊ एकदा आपला ढीग पायाने हळूच फुगवायला गेला, तर दादाने तो मासा उचलून परत जागच्या जागी ठेवला. तांडेलाची बायको हसून हसून वाळूत बसली.

घरी यातलं कोणालाच माहीत नव्हतं. घरच्यांसाठी दादा तोच होता. मी त्यांना दुसरा दाखवलाच नव्हता.

त्या वर्षी दिवाळीनंतर मुंबईहून बोटीने काका आले, बोटीतून किनाऱ्यापर्यंत पडावाने, म्हणजे लहान होडीने. बाबांचे धाकटे भाऊ, एका कचेरीत नोकरीला. मनाने चांगला माणूस. ओटीवर चहा घेताना त्यांनी विषय काढला. मुंबईच्या बाजूला एक संस्था आहे, तिथे अशा मुलांना ठेवून घेतात.

बाबांनी विचारलं, "शिकवतात?"

"शिकवायचं काय? ठेवून घेतात. दोन वेळचं जेवण, कपडे. तुमच्या मागे ह्येका कोण बघतलो? धाकट्याच्या गळ्यात बांधतल्यात?"

आई दारामागे उभी होती. तिचं नाक ओढणं ऐकू येत होतं. दादा खाली अंगणात झुलत उभा होता. बाबांनी मला जवळ बोलावलं. त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. त्यांना पाठवायचं नव्हतं. न पाठवायला त्यांना एक कारण हवं होतं, कसलंही.

"तू रोज त्येच्यावांगडा असतंस," ते म्हणाले. "सांग माका. तो थंय काय करता?"

त्या क्षणी खरं बोललो असतो तर पत्रं वाचायची थाप उघडी पडली असती. आणि दुसरंही एक मनात होतं. दादा गेला तर संध्याकाळ माझी. आट्यापाट्या माझ्या. हे मी इतक्या स्पष्ट शब्दांत मनाशी म्हटलं होतं का, ते आठवत नाही. पण ते होतं.

"काय नाय," मी म्हणालो. "वाळूत बसता."

अंगणातून दादाचा आवाज आला, "काय नाय. वाळूत बसता."

काकांनी मान हलवली. बाबा उठून आत गेले. चौथ्या दिवशी काकांची परतीची बोट होती. दादाला त्याच बोटीने न्यायचं ठरलं.

मधले दिवस आईने दादाला बाहेर सोडलं नाही. त्याच्या सदऱ्यांना बटणं लावली, लाडू वळले. रापणीची वेळ झाली की दादा कुंपणापाशी जायचा, परत यायचा. मग त्याने विहिरीवरचा राजू, म्हणजे कळशीचा दोर, धरला आणि पाणी ओढायला सुरुवात केली. कळशी, मग कळशी, मग कळशी. हंडे भरले, दगडी डोण भरली, पाणी माडांच्या आळ्यांतून वाहून मागच्या परड्यात, भाजीच्या वाफ्यांत गेलं, तरी तो ओढतच होता. आई रडत म्हणाली, "बघ, बावचळलो. त्येका कळला जावचा आसा ता."

तो का ओढत होता हे मला माहीत होतं. मी अभ्यासाचं पुस्तक उघडून बसलो होतो.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी तांडेलाची बायको डोक्यावर पाटी घेऊन मागच्या दारी आली. "मास्तरीणबाय, वाटो हाडलंय!"

आई म्हणाली, "धाकटो खंय इललो गो आज? पत्रां तर वाचूक नाय त्येणा."

"कसली पत्रां? आमका कोण पत्र घालतलो? माझो झील मुंबैक गेलो तो मेलो सणासुदीक पण अक्षर धाडणा नाय." तिने पाटी उतरवली. "ह्यो थोरल्याचो वाटो. दोराचो माणूस येवक नाय तर आजारी समजान त्येचो वाटो घराक पोचवचो, अशी आमची रीत. ताप इलो काय त्येका?"

आई तिच्याकडे बघत राहिली. "थोरल्याचो?"

"मगे कोणाचो? धाकटो तुमचो सुरूखाली बसता, राजासारखो. ओढता थोरलो. दोन दीस इलो नाय तर दोर असो गुतलो, असो गुतलो, की घोव माझो दोराकच गाळी घालीत बसलोहा."

बाबा दारात येऊन उभे होते, मागे काका. मी माजघरात होतो. बाबांनी माझ्याकडे बघितलं. तांडेलाच्या बायकोला ते म्हणाले, "उद्या सकाळी रापण आसा?"

"आसा."

"मी येतंय."

"येवा मास्तरानू," ती म्हणाली, "पण धोतर वर बांधान येवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा, काका, दादा, आणि बराच मागे मी, असे किनाऱ्यावर गेलो. वाळू लागताच दादा बाबांच्या पुढे निघाला. दोर बाहेर यायला लागला होता. तो सरळ जाऊन आपल्या जागी उभा राहिला. कोणी स्वागत केलं नाही. तांडेल एवढंच म्हणाला, "इलंस? वेटोळी बघ काय करून ठेवलीहत ह्या गाढवांनी."

बाबा वहाणा हातात घेऊन पूर्ण रापण होईपर्यंत उभे होते. मी त्यांच्याकडे बघत होतो. दादाने पुकारा झेलला तेव्हा त्यांनी मान एकदम वर केली. त्याची पाळी आली, तो खाली गेला, पुढे उभा राहिला, तेव्हा ते दोन पावलं पुढे सरकले, वर्गात एखादं पोर फळ्याकडे निघालं की सरकायचे तसे.

मग वाटे पडले. दादा टोपलीतून तारले, म्हणजे छोटे मासे, घेऊन ढिगांवरून फिरत होता. काका गमतीने पुढे झाले, दोन्ही हात जोडून ओंजळ केली आणि म्हणाले, "आमका नाय काय रे?"

दादा थांबला. काकांच्या ओंजळीकडे बघितलं. मग म्हणाला, "दोर ओढलंस?"

काकांना तुम्ही म्हणायचं असतं, हे त्याच्या गावीही नव्हतं. पण आम्ही तिघे जागच्या जागी उभे राहिलो ते त्यामुळे नाही. दादाने आयुष्यात कोणाला प्रश्न विचारला नव्हता. तो आमचेच शब्द आम्हाला परत द्यायचा. हे शब्द त्याचे होते. आणि तो उत्तराची वाट बघत होता.

"नाय बाबा," काका म्हणाले. "नाय ओढलंय."

दादा पुढच्या ढिगाकडे गेला.

काका जोरात हसायला लागले. "आमका नाय दिल्यान! सख्ख्या काकाक नाय दिल्यान!" हसता हसता त्यांनी बाबांकडे बघितलं आणि हसायचे थांबले. बाबांनी डोळे पुसले आणि विचारलं,

"बोट दुपारची आसा मा?"

"होय."

"तू नीघ वेळेर. पडावात जागा गावूक व्हयी," बाबा म्हणाले. "ह्यो हयच रवतलो."

त्या वाक्यानंतर माझ्या अंगातून जे काही निघून गेलं, त्याला काय म्हणावं मला कळत नाही. मी खाली बसलो आणि वाळूत तोंड लपवून रडलो. दादा राहणार होता. मी तसं बोलूनही तो राहणार होता. माझं बोलणं फुकट गेलं होतं, आणि आयुष्यात दुसरं काही फुकट गेल्याचा मला इतका आनंद झालेला नाही.

घरी येताना बाबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "मी रागावतलंय म्हणान लपवलंस ना? पत्रांचा निमित्त केलंस. तूच त्येका दोरार उभो केलंस. माका जमला नाय ता तू केलंस." मी काही बोललो नाही. तिथून ही गोष्ट सुरू झाली. बाबांनी ती आईला सांगितली, आईने गावाला. खोटं मी बोललो होतो दोनदा. हे तिसरं खोटं मी गप्प राहून बोललो, आणि तेच सगळ्यांत टिकाऊ निघालं.

एकोणीसशे साठनंतर मीही मास्तर झालो. आसपासच्या शाळांत नोकरी केली. वर्गात न बसणारी एखाद-दोन पोरं प्रत्येक शाळेत असतातच. त्यांना मी बाहेर न्यायचो, चिंचेखाली, शेताच्या बांधावर, खाडीवर. हातात दोरी, फावडं, काहीतरी द्यायचो. काहींचं जमलं, काहींचं नाही. एक मुलगी मात्र आठवते, जी दोन वर्षं बोलली नाही आणि शेवटी ओहोळाला बांध घालताना माझ्यावरच ओरडली, की दगड चुकीच्या जागी ठेवलास. तिची आई नारळ घेऊन आली आणि म्हणाली, गुरुजी, तुमचो हात गुणाचो. मी नारळ घेतला. सांगणार तरी काय होतो? की हे मी शिकवलं नाही, मी फक्त एका दुपारी झाडाखाली बसून बघितलं होतं?

दादाला मात्र मी सांगितलं. बाबा वारले त्या वर्षी. आम्ही दोघे संध्याकाळी रापणीवरून परतत होतो. तोपर्यंत मीही सुट्टीत दोर ओढायला जात असे, आणि दादा मला नेहमी शेपटीला उभा करायचा, कारण माझा ताल चुकायचा. मी चालता चालता सगळं सांगितलं. पत्रांची थाप, जास्तीचा बांगडा, ओटीवर काय म्हणालो ते. शेवटी म्हणालो, "दादा, मी चुकलंय."

"मी चुकलंय," दादा म्हणाला.

मग थोडं पुढे जाऊन थांबला, मागे वळला. भरती चढत होती आणि मी पाण्याच्या बाजूने चालत होतो. त्याने माझा दंड धरून मला वरच्या बाजूला घेतलं. ज्याला कोणाचा हात लागलेला चालत नसे त्याने. हातातल्या माशांची पात माझ्याकडे दिली, कारण त्याला धोतर खोचायचं होतं, आणि म्हणाला, "चल. आई वाट बघता."

आम्ही घरी गेलो. आईने मासे साफ केले. कोणी आणले, हे तिने विचारलं नाही, तरी मीच सांगितलं, दादाने.